पुणतांब्याला गेलेल्या नवऱ्याचा ढीग

आमच्या मंडळाला उद्गारचिन्हांची टंचाई कधी भासली नाही. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी नगर जिल्ह्यात पाणी नव्हतं, कडबा नव्हता, रेशनवर लाल मिलोखेरीज दाणा नव्हता. उद्गारचिन्हं मात्र मुबलक होती. पारनेर तालुक्यात जे सरकारी खडीकाम निघालं होतं, तिथं वाटलेल्या पत्रकात 'समान कामाला समान दाम' या शब्दांपुढं तीन उभी होती. पत्रक मीच लिहिलं होतं. बायांसाठी लिहिलं होतं, आणि बायांपैकी जवळजवळ कुणालाच वाचता येत नव्हतं, ही बारीकशी गोष्ट छापून झाल्यावर ध्यानात आली. पुरुषांनी त्यात तंबाखूच्या पुड्या बांधल्या. पत्रक अथपासून इतिपर्यंत वाचणारा एकच वाचक निघाला, कामावरचा ओव्हरसियर. त्यानं मला बोलावून घेतलं.

"ताई, झकास लिहिलंय," तो म्हणाला. "फक्त एक सांगा. समान काम म्हणता, ते मोजलं कुणी?"

"डोळ्यांनी दिसतंय की."

"डोळे मलाही आहेत. बाई कमी फोडते. म्हणून तर पुरुषाच्या रुपयाला बाईचे बारा आणे. तुम्ही शिकलेल्या आहात, आकडे आणा. आकडे असले तर मोठ्या साहेबांपुढं ठेवतो."

बी.एस्सी.ला माझा विषय संख्याशास्त्र. कॉलेजात आम्ही विलायती शिपायांच्या उंचीची आणि वाटाण्यांच्या वजनाची सरासरी काढत आलो होतो. नगरच्या एकाही शिपायाची उंची मोजली नव्हती आणि एकही वाटाणा पाहिला नव्हता. आता हा माणूस मला म्हणत होता, आकडे आणा. म्हणजे पहिलवानाला विचारायचं, जरा दंड दाखवता का?

काम असं होतं. ट्रकनं डबर येऊन पडायचं. ते सगळ्यांनी हातोडीनं फोडून खडी करायची, बाईनंही आणि पुरुषानंही. प्रत्येकाला चुन्यानं आखलेला एक चौकोन. सगळे चौकोन सारखे. चौकोनाच्या मध्ये खुंटी आणि खुंटीवर लाल पट्टा. संध्याकाळपर्यंत खडीत पट्टा बुडाला तर पुरी हजेरी, पट्टा दिसत राहिला तर अर्धी. कारकून फिरायचा तो पट्टे बघत फिरायचा. माणूस बसलाय की उठलाय, खोकतोय की मेलाय, याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हतं. हजेरी ढिगाची. मग सगळ्यांची खडी एकत्र रचलेल्या मोठ्या चट्ट्यात ओतली जायची आणि सकाळी चौकोन पुन्हा मोकळे.

मी एक बांबूची काठी घेतली, तिच्यावर बोटाबोटाच्या अंतरानं खुणा केल्या, आणि पंधरवडाभर नगरहून दुपारची एस्टी पकडून संध्याकाळच्या हजेरीआधी एकेका ढिगात काठी उभी करत हिंडले. बाया हसायच्या.

"अगं, ही आली बघा ताप मोजनारी!"

"ताई, आमचा ढीग पोटुशी हाय का बघा की!"

हे सगळ्यांत मोठ्यानं म्हणणारी बाई सुप्याची. तिथल्या रिवाजाप्रमाणं बाया एकमेकींना माहेरच्या गावानं हाक मारत, तशी ही सुपेकरीण. नवऱ्यानं टाकलेली. दिलेल्या गावातच एका पडवीला भाडं भरून राहायची, आणि तिच्यासारख्याच ज्यांचा कुणी पुरुष कामावर नव्हता अशा बायांच्या रांगेत पहिल्या चौकोनावर बसायची. तिच्या जिभेचा घाव हातोडीपेक्षा बारीक खडी पाडत असे.

पंधरवडा संपला. मी पुरुषांच्या ढिगांची सरासरी काढली, बायांच्या ढिगांची काढली, आणि दोन्ही आकडे शेजारी लिहून त्यांच्याकडं बघत बसले. पुरुषांचा ढीग उंच. थोडाथोडका नव्हे, चांगला उंच. ओव्हरसियर बरोबर होता. माझी तीन उद्गारचिन्हं माझ्याकडं बघून दात विचकायला लागली.

यात काहीतरी घोळ आहे, एवढं कळत होतं. कुठं आहे ते कळत नव्हतं. मी कागद मंडळाच्या सचिवांकडं दिला आणि म्हटलं, हा कुणाला दाखवू नका, मला अजून विचार करायचाय. सचिव स्त्रीमुक्तीवर तासभर अस्खलित बोलत. त्यांचा सदरा त्यांची आई धूत असे. सत्य लपवणं हे प्रतिगामीपणाचं लक्षण आहे असं त्यांचं मत होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो कागद ओव्हरसियरला नेऊन दिला. वर चहा घेऊन आले.

"तुमच्याच हातचं आहे ताई," ओव्हरसियर मला म्हणाला. असा विनय मी त्याच्यात आधी पाहिला नव्हता. "मी कुठं काय म्हणतोय? बायांना खडी जमत नाही, एवढं तुमचं शास्त्र म्हणतंय. मग त्यांना उगाच कशाला कष्ट? सुप्याच्या बाजूला रस्त्याचं मातीकाम निघालंय, तिकडं पाठवू. आधी एकट्या बाया. कुटुंबं मोडायला नकोत ना. सोमवारी मोठे साहेब येतील, सही करतील."

कुटुंबाविषयी एवढी कळकळ सरकारच्या पोटात असते हे आमच्या पत्रकांत कधी आलं नव्हतं.

बातमी माझ्याआधी रांगेत पोचली. मी गेले तेव्हा कुणी हसलं नाही. सुपेकरणीनं हातोडी खाली ठेवली.

"ये बाय, ये. काठी कुटंय? आन की. आता माझ्या टाळक्यात उभी कर."

"मावशी, मी काही..."

"मावशी म्हनू नको. सुप्याला धाडत्यात मला. सुप्याला! माझं भाऊ तिथं सायकलीवर फिरत्यात. नवऱ्यानं टाकलं तवा दारात उभं केलं न्हाई त्यांनी. आता त्यांच्या येशीवर पाटी घिऊन माती व्हायची? रोज सकाळी बघत जातील आन भावजया हसतील. त्यापरीस मी हितं उपाशी मरंन." तिनं हातोडी उचलली. "बारा आनं हुतं. कमी हुतं, पन माझं हुतं. तुला कुनी सांगितलं हुतं मोजाया?"

हा प्रश्न आमच्या कोणत्याही पत्रकात उत्तरासकट छापलेला नव्हता.

साहेब यायला चार-पाच दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नगरच्या एस्टी स्टँडवर पारनेरच्या गाडीची वाट बघत होते. तेवढ्यात कोपरगावच्या गाडीकडं जाणारा एक इसम ओळखीचं हसला. पांढरं धोतर, कडक इस्त्री, डोक्याला नवा कोरा पटका. आमच्या खडीकामावरचा! त्याची बायको त्याच्या शेजारच्या चौकोनात बसायची.

"रामराम ताई! आमी चाललो पुनतांब्याला. सासरवाडीला. मेव्हन्याचा साखरपुडा हाय. परवा येतो."

"बाई नाही आल्या?"

"तिला कुटलं यायला जमतंय? काम हाय की." आणि गाडीत पाय ठेवता ठेवता मिस्कीलपणे, "ढीग मोजा बरं का नीट आमचा!"

म्हणजे सख्ख्या भावाचा साखरपुडा हिच्या, आणि गेला तो. असो. मी मनातल्या मनात एक पत्रक लिहिलं आणि पारनेरच्या गाडीत बसले.

संध्याकाळी काठी घेऊन त्या चौकोनापाशी आले आणि थांबले. धनी पुणतांब्याला सासूच्या हातचं जेवत होता. धन्याचा ढीग पारनेर तालुक्यात लाल पट्टा बुडवून उभा होता. रांगेतला सगळ्यांत देखणा ढीग. शेजारी त्याच्या बायकोचा ढीग. पट्टा अर्धा उघडा.

"हे कुणी फोडलं?" मी विचारलं.

पुणतांबेकरणीनं पदर सारखा केला. "त्येंनी."

"ते तर पुणतांब्याला गेलेत. मला स्टँडवर भेटले."

तिचा चेहरा उतरला. "ताई, कुनाला बोलू नगा. नाव काढतील त्येंचं."

"नाही बोलत. पण मला सांगा, तुम्ही फोडलेली खडी त्यांच्यात का टाकता?"

आता ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी आपण गिरणीत येऊन पीठ कुठून येतं विचारणाऱ्याकडं बघू. "मग कुटं टाकायची? त्येंचा पट्टा उघडा ऱ्हायला तर आठ आनं जात्यात. माझा ऱ्हायला तर सा आनं. कुटलं आधी बुडवायचं?"

"आणि ते इथं असतात तेव्हा?"

"तवा बी. गडीमानूस दुपारी जरा कलंडतो लिंबाखाली. तंवर चार घमेली टाकायची."

"आणि तुमचा ढीग पुरा होऊन वर आला तर?"

"येऊ कशाला देईन?" ती दचकून म्हणाली. "नवऱ्याच्या वर बायकोचा ढीग! चार मानसं बघत्यात. त्येंच्या आदी जेवाय बसल्यासारखं दिसंल."

पलीकडच्या रांगेतून सुपेकरणीचा आवाज आला. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण मला ऐकू येईल असं बोलत होती. "आमाला बाई धनीच न्हाई. आमचा ढीग वर गेला तर आभाळ तेवडं लाजंल."

दुपारच्या गाडीनं यायचं, लिंबाखाली कोण कलंडलंय ते बघायचं नाही, आणि संध्याकाळी काठी रोवून सत्य काढायचं. विलायती शिपायांचं असं बरं असतं, ते आपली उंची बायकोकडून उसनी आणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सगळे आकडे नव्यानं मांडले. बाई आणि पुरुष अशा दोन ढिगाऱ्यांऐवजी वेगळे गट पाडले. ज्यांचा पुरुष कामावर नाही अशा बाया. ज्यांची बाई कामावर नाही असे पुरुष. आणि जोडपी. एकट्या बाईच्या ढिगात कुणाची खडी येत नाही आणि तिची कुणाकडं जात नाही. एकट्या पुरुषाचंही तसंच. म्हणजे बाई किती फोडते आणि पुरुष किती, याचा निर्भेळ आकडा इथंच मिळणार. तो मिळाला. दोन्ही सरासऱ्या जवळजवळ सारख्या. फरक होताच तर बायांच्या बाजूनं, बोटाच्या पेराएवढा. पुरुषांची सगळी मर्दुमकी जोडप्यांच्या चौकोनांत साठलेली होती.

जोडप्यांच्या आकड्यांत आणखी एक गंमत होती. कुणी जास्त फोडतं, कुणी कमी. कुणाची पाठ दुखते, कुणाला ताप येतो. दिवसागणिक आकडे वरखाली होणारच. नवऱ्यांची सरासरी जास्त असली तरी पंधरा दिवसांत एखादी तरी बायको एखाद्या दिवशी नवऱ्याच्या पुढं जाणारच की. एकसुद्धा गेली नव्हती. प्रत्येक बायको, प्रत्येक दिवशी, नवऱ्यापेक्षा दोन-तीन बोटं खाली. इतका शिस्तीचा योगायोग पलटणीतसुद्धा सापडायचा नाही.

म्हणजे बाईचा दर कमी, म्हणून घरधन्याची हजेरी आधी वाचवायची आणि बाईचा ढीग बुटका ठेवायचा. आणि बाईचा ढीग बुटका, म्हणून तिचा दर कमी. सरकारनं खड्डा खणून त्यात उभ्या केलेल्या बाईला 'तू ठेंगणी' म्हणून सुनावलं होतं.

पुणतांब्याचा साखरपुडा मी कागदावर घेतला नाही. आकड्यांचा हा एक चांगुलपणा असतो, की गटाविषयी बोलता येतं, कुणाची अब्रू चव्हाट्यावर आणावी लागत नाही. निदान मला तसं वाटत होतं.

सोमवारी मोठे साहेब जीपमधून उतरले. ओव्हरसियरनं माझा जुना कागद पुढं केला, मी नवा. साहेबांनी दोन्ही वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"म्हणजे तुमचं म्हणणं, लग्नाच्या बाया इथं लबाडी करतात?"

"माझं म्हणणं, बाई जन्मतः कमी फोडते हे खोटं. तसं असतं तर एकटी बाई पुरुषाइतकी कशी फोडते? नवरा शेजारी येऊन बसला की मनगट वाळतं का तिचं?"

हे मी जरा मोठ्यानं बोलले. पत्रकाची सवय. रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग पुरुषांच्या बाजूनं गलका उठला.

"आमी काय हितं निजाया येतो व्हय?"

"बायकांच्या जिवावर जगतो म्हनती ही! वा!"

सगळ्यांत पुढं कोण? पुणतांब्याहून नुकताच परतलेला, पटका अजून कोरा. "सायेब, आमच्या अब्रूचा सवाल हाय! उद्या बाया तिकडं बसवा, गडी हिकडं. मंदी दोरी बांदा. कुनी कुनाला घमेलं द्यायचं न्हाई. बगा हून जाऊंद्या!"

मागं त्याच्या बायकोनं डोळे मिटून घेतले.

साहेबांना कल्पना पसंत पडली. एवढा सोपा प्रयोग आपल्याला का सुचला नाही म्हणून मी चडफडले. तो सुचवला कुणी, तर ज्याला तो सगळ्यांत महाग पडणार होता त्यानं. एका दिवसापुरती पट्ट्याची अट काढली, सगळ्यांना पुरी हजेरी द्यायची ठरली, आणि साहेब पारनेरच्या डाकबंगल्यावर मुक्कामाला गेले. सुप्याच्या यादीवरची सही उद्यावर राहिली.

मंगळवारी मी सकाळच्याच गाडीनं गेले. दोरी बांधलेली होती. इकडं बाया, तिकडं पुरुष. दहा वाजेपर्यंत बायांच्या ढिगांनी असा काही वेग घेतला की मी काठीवर आणखी वर खुणा करून ठेवल्या. पुरुषांच्या बाजूला निग्रह खूप दिसत होता. खडी कमी दिसत होती. लिंबाची सावली, बिचारी, त्या दुपारी रिकामी पडून होती.

मग दुपारच्या खाण्याची सुकडी वाटायची वेळ झाली. पुणतांबेकरीण पाणी पिण्याच्या निमित्तानं दोरीपर्यंत गेली. नवऱ्याच्या ढिगाकडं एक नजर टाकून परत आली. शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली. शेजारीण पुढच्या शेजारणीच्या. आणि माझ्या डोळ्यांदेखत लग्नाच्या बायांची रांग मंदावली. हातोड्या पडत होत्या, आवाज येत होता, दगड मात्र फुटत नव्हता.

मी धावत गेले. "फोडा ना! आता कशाला थांबताय? आज तुमच्या ढिगाला कुणी हात लावत नाही!"

"फोडतोय की," पुणतांबेकरीण खाली बघत म्हणाली. "तुमाला लई घाई."

"अहो, तुम्ही त्यांच्या दुप्पट..."

"हळू बोला. त्येंचा ढीग बघितला का? एवढुसा." तिनं हातानं जमिनीपासूनचं अंतर दाखवलं. "मी त्याच्या वर गेले तर तुमचा कागद जिकंल. आन रातच्याला घरात कोन हारंल? तुमी एश्टीत बसून जाल ताई. सारकं झालं ना? बास की."

यावर मला एक सणसणीत वाक्य सुचलं होतं. ते मी गिळलं. मोडून पडण्याचा धोका तिचा होता, वाक्य माझं होतं.

सुपेकरणीच्या रांगेपर्यंत ती कुजबुज पोचली तेव्हा तिनं फक्त पदर खोचला. "आमाला कुनाची अब्रू राखायची हाय? चला गं." त्या रांगेचा आवाज शेवटपर्यंत थांबला नाही.

संध्याकाळी साहेब आले. काठी माझीच, पण धरली कारकुनानं. लग्नाच्या बायांचे ढीग आपापल्या नवऱ्यांच्या ढिगांशी असे जुळले होते, जणू गवंड्यानं ओळंबा लावून रचलेत. एकट्या बायांचे वर. सरासरी काढली तर बायांचं पारडं थोडं जड.

"सारखंच की हो," साहेब म्हणाले. जड पारडं त्यांना दिसलं नसावं.

"साहेब, आज एकूण खडी मात्र फार कमी पडलीय," ओव्हरसियर चट्ट्याकडं बघत म्हणाला. "एरवीपेक्षा बरीच कमी. कारण समजत नाही. हवा कोंदट होती, त्यानं असेल."

कारण मला समजत होतं. बायांनी मुद्दाम न फोडलेली खडी, अधिक पुरुषांच्या हातून न फुटलेली खडी. दोन्हींचा हिशेब त्या बुटक्या चट्ट्यात पडलेला होता. पण साहेबांचं पेन उघडलं होतं आणि उघड्या पेनासमोर शास्त्र सांगू नये एवढी अक्कल तोवर आली होती. त्यांनी लिहिलं: या कामावर पुढील आदेशापर्यंत स्त्री-पुरुषांना एकच दर, सुप्याकडील बदली रद्द. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या, कारण अब्रू वाचली होती. आमच्या सचिवांनी त्याच आठवड्यात विजयपत्रक काढलं. त्यात 'पुरुष श्रमिकांच्या उदार सहकार्याने' असे शब्द होते, आणि पुढं उद्गारचिन्ह.

ओव्हरसियर सुपेकरणीपाशी गेला. "तुझं नाव काढलं बरं का सुप्याच्या यादीतनं."

"काढलं म्हंजी उपकार केलं व्हय?" ती म्हणाली. "घातलं कुनी हुतं?"

दोरी सोडली. माणसं आपापल्या जुन्या चौकोनांत परतली. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा काठी घेऊन गेले, कारण आता दर सारखा झालेला होता, आता कुणाचाही पट्टा उघडा राहिला तरी आठच आणे जाणार होते; म्हणजे बायांचे ढीग वाढायला हवेत असं माझं गणित. दुपार होती. लिंबाखाली गर्दी होती. पुणतांबेकरीण शांतपणे घमेलं उचलून शेजारच्या चौकोनात ओतत होती.

"आता कशाला?" मी जवळजवळ ओरडले. "दर सारखा झालाय ना!"

"सायबानं केला," ती म्हणाली. "सासूला कुनी सांगितलंय?"

मी तोंड उघडलं. पलीकडून सुपेकरणीनं हातोडीच्या दांड्यानं मला खुणावलं. मंगळवारपासून ती माझ्याशी थेट बोलायला लागली होती.

"तिला सोड गं. तिचं ती बघंल. हिकडं ये, माझा मोज. रुपयाचा ढीग हाय, काठी जरा सरळ धर."

मी काठी सरळ धरली. तिचा लाल पट्टा केव्हाच बुडाला होता आणि ती अजून फोडतच होती.